हळदीचा डाग उन्हात का उडतो, हे मुंबईत लेझरने बघतात. आपल्या पोरांना कधी सांगणार?

हळदीचा डाग साबणाने जात नाही, उलट लाल होतो. तोच कपडा धुऊन कडक उन्हात टाकला की डाग फिका पडत पडत उडून जातो. आपल्याकडे कुठल्याही घरातली आजी हे सांगेल. पण का उडतो, असं विचारलंत तर आजी म्हणेल "उन्हाक", विज्ञानाचे सर म्हणतील "परीक्षेला नाही", आणि विषय तिथेच संपेल.

तो विषय तिथे संपत नाही, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, आधीच सांगतो. सवडीने वाचा.

हळदीला पिवळी करणारा रेणू म्हणजे कर्क्युमिन. तो निळा-जांभळा प्रकाश गिळतो, म्हणून आपल्याला पिवळा दिसतो. गिळलेल्या प्रकाशाचं तो पुढे काय करतो, हे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी लेझरच्या अतिशय छोट्या झोतांनी तपासलं आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच सुमारास अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियातही कर्क्युमिनवर असंच काम चाललं होतं. म्हणजे आपल्या माशाच्या आमटीत पडणारी हळद घेऊन जगातल्या तीन खंडांत माणसं काळोख्या खोलीत बसली होती. प्रकाश पडल्यावर या रेणूच्या आतल्या आत एक हायड्रोजन एका ऑक्सिजनकडून शेजारच्या ऑक्सिजनकडे सरकतो, आणि तो किती लवकर सरकतो हे रेणू कशात विरघळलाय यावर अवलंबून असतं. बहुतेक वेळा गिळलेली ऊर्जा अशीच उष्णता होऊन निघून जाते. क्वचित एखादा रेणू मात्र तुटतो, आणि तुटलेला रेणू पिवळा राहत नाही. उन्हातला डाग म्हणजे हे "क्वचित" अब्जावधी वेळा घडणं.

आता हे सगळं किती वेळात होतं? इथे जरा थांबावं लागेल.

सेकंदाचे हजार भाग केले की मिलिसेकंद. त्याचे हजार, मायक्रोसेकंद. त्याचे हजार, नॅनोसेकंद. त्याचे हजार, पिकोसेकंद. आणि पिकोसेकंदाचेही हजार भाग केले की एक फेम्टोसेकंद. एका सेकंदापुढे फेम्टोसेकंद एवढा छोटा, जेवढा सुमारे ३ कोटी १७ लाख वर्षांपुढे एक सेकंद. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावतो, पण एका फेम्टोसेकंदात त्याला मिलिमीटरचा तीन हजारावा भागच जाता येतं. डोक्यावरच्या केसाची जाडी ओलांडायलाच त्याला दोनेकशे फेम्टोसेकंद लागतात. पाण्याच्या रेणूतला हायड्रोजन १० फेम्टोसेकंदांत एक हेलकावा पूर्ण करतो. हळदीतला हायड्रोजन सरकायला काही विद्रावांत शंभरेक पिकोसेकंदांच्या आत वेळ लागतो. रेणूंच्या दुनियेत ही म्हणजे निवांत चाललेली गोष्ट.

इतकं जलद बघायचं कसं? दशावताराला रात्री मोबाईलवर फोटो काढलात तर युद्धनृत्यातला राजा धुरकट येतो, कारण फोटो निघेपर्यंत हात तलवारीसकट दुसरीकडे गेलेला असतो. फ्लॅश मारला की तोच हात हवेत गोठतो. फ्लॅश जितका छोटा, तितकी जलद हालचाल पकडता येते. फेम्टोसेकंद लेझर म्हणजे जगातले सगळ्यात छोटे फ्लॅश मारणारं यंत्र. (हल्ली त्याहून छोटे, ॲटोसेकंदांचे झोतही करता येतात. २०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल पिएर ॲगोस्टिनी, फेरेन्क क्राउस आणि ॲन लुइलिए यांना त्यासाठीच मिळालं. ते रेणूंपेक्षा इलेक्ट्रॉन बघायला लागतात.)

पण एका फोटोने गोष्ट कळत नाही, सुरुवात ठाऊक पाहिजे. म्हणून दोन झोत वापरतात. पहिला झोत रेणूला ढकलतो, म्हणजे नाटक सुरू करतो. दुसरा झोत थोड्या वेळाने जाऊन त्या क्षणी काय चाललंय ते बघून येतो. मग हा "थोडा वेळ" जरा वाढवायचा, परत बघायचं. परत वाढवायचा, परत बघायचं. अशी हजारो वेळा पुनरावृत्ती करून चित्रपट जुळवायचा. हा एकाच रेणूचा चित्रपट नसतो. एकाच ठोक्यावर नाचायला लावलेल्या असंख्य रेणूंचा असतो.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे घड्याळ. जगात कुठलंही इलेक्ट्रॉनिक घड्याळ इतका छोटा वेळ थेट मोजू शकत नाही. मग करतात काय? दुसऱ्या झोताला लांबच्या वाटेने पाठवतात. वाटेत एक आरसा असतो, तो बारीक स्क्रूवर मागे सरकवतात. आरसा केसाच्या जाडीच्या चारेकशेव्या भागाइतका मागे गेला की जाण्यायेण्यात प्रकाशाला एक फेम्टोसेकंद उशीर होतो. वेळ मोजायला त्यांनी फूटपट्टी घेतली! हे कळल्यावर मला कितीतरी दिवस मजा वाटत होती. आपल्या आठवीच्या पोराला हे समजणार नाही असं कोणी म्हटलं तर मी भांडायला तयार आहे. अंतर भागिले वेग बरोबर वेळ, एवढंच तर आहे.

या पद्धतीने रासायनिक बंध तुटताना पहिल्यांदा बघणारा माणूस अहमद झेवैल. १९८७ च्या सुमारास कॅलिफोर्नियात त्याच्या गटाने आयोडीन आणि कार्बन यांच्यातला बंध सुमारे २०० फेम्टोसेकंदांत सुटताना पकडला. १९९९ मध्ये त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. झेवैल इजिप्तमधल्या नाईलच्या मुखाजवळच्या दमनहूर गावात जन्मला, देसूक नावाच्या नदीकाठच्या गावात वाढला, ॲलेक्झांड्रियाच्या सरकारी विद्यापीठात शिकला. कोणी म्हणेल गाव छोटं म्हणून काय होणार, त्याला हे सांगा.

आणि आपल्याकडे? कुलाब्याच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, टीआयएफआर. होमी भाभांनी १९४५ मध्ये सुरू केलेली. समुद्राला अगदी लागून, म्हणजे खारा वारा त्यांच्याही नशिबी आहे. तिथे अतिजलद लेझरवर कित्येक वर्षं काम चालू आहे. २००९ मध्ये तिथल्या गटाने दिल्लीतल्या सहकाऱ्याबरोबर पाण्याच्या रेणूवर १०-एक फेम्टोसेकंदांचे जोरदार झोत मारले. पाण्यात दोन हायड्रोजन ऑक्सिजनच्या दोन बाजूंना असतात, एकमेकांना चिकटलेले नसतात. पण या झोताखाली ते इतक्या झटकन जवळ आले की दोघांची जोडीच रेणूतून बाहेर पडली. एवढ्याशा वेळात जुना बंध तुटून नवा जुळला. त्याच संस्थेतले जी. रवींद्र कुमार यांना प्रचंड तीव्रतेच्या लेझरने तापलेल्या पदार्थाच्या अभ्यासासाठी २०१५ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. पवईच्या आयआयटीतही असलं काम चालतं. हे सगळं मालवणहून रात्रीच्या गाडीत बसलं तर सकाळी पोचता येईल एवढ्या अंतरावर.

आता मुद्द्यावर येतो. माझं हे बोलणं ऐकून एका मित्राने सरळ विचारलं, "हळदीचो डाग उन्हात उडता, ता आमका म्हायत आसा. त्येका लेझर कशाक होयो? आधी हॉस्पिटलात डॉक्टर आणा."

प्रश्न खोटा नाही. आपल्याकडे माणूस जास्त आजारी पडला की गाडी बांबोळीच्या दिशेने पळते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एकेका लेझरची किंमत कोटींच्या घरात जाते, आणि असली बहुतेक यंत्रं परदेशातून येतात. मग या पैशात दवाखाने का नकोत?

माझं म्हणणं असं. पहिलं, डॉक्टर नसण्याचं कारण लेझर नाही. मूलभूत विज्ञानावरचा खर्च उद्या बंद केला तरी तो पैसा उचलून कोणी आपल्या ग्रामीण रुग्णालयात आणून ठेवणार नाही. हे दोन प्रश्न एकमेकांसमोर उभे करणं ही आपल्याला लागलेली खोटी सवय आहे. दुसरं, दवाखान्यात जे यंत्र येतं ते आधी कुठल्या तरी काळोख्या खोलीत कोणाच्या तरी खुळातून जन्मलेलं असतं. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरला जेरार मुरू आणि त्यांची विद्यार्थिनी डॉना स्ट्रिकलंड यांनी छोट्या झोतांची ताकद वाढवायची युक्ती काढली. झोत आधी ताणून लांब करायचा, मग वाढवायचा, मग परत आवळायचा. आज मोठ्या शहरांत चष्म्याचा नंबर घालवायला बुबुळावर जो फेम्टोसेकंद लेझर वापरतात, तो त्या युक्तीवर उभा आहे. मोबाईलची काच कापायलाही असेच झोत वापरतात. स्ट्रिकलंड आणि मुरू यांना नोबेल २०१८ मध्ये मिळालं, म्हणजे तेहतीस वर्षांनी. क्राउसचा गट जर्मनीत असल्या झोतांनी रक्ताच्या थेंबातल्या रेणूंची "सही" वाचून आजार ओळखता येतो का, ते तपासतोय. ते अजून संशोधनातच आहे, उद्या दवाखान्यात येईल असं मी म्हणणार नाही.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं, आणि त्याला उपयोगाचा हिशोब लागत नाही. तुम्ही आत्ता हे वाचताय, तेव्हा स्क्रीनवरचा प्रकाश डोळ्याच्या पडद्यावरच्या एका रेणूवर पडतोय आणि तो रेणू वळतोय. तो वळायला २०० फेम्टोसेकंद लागतात, हे १९९१ मध्ये मोजलं गेलं. बघण्याची पहिली पायरी ती. आपला खलाशी दिवसभर होडीवर उन्हात उभा राहतो, त्याच्या कातडीतल्या डीएनएवर अतिनील किरण आदळत राहतात. डीएनएतले घटक ती ऊर्जा बहुतेक वेळा एका पिकोसेकंदाच्या आसपास उष्णता करून टाकून देतात, म्हणून बिघाड आटोक्यात राहतो. इतक्या चपळाईने कोणीतरी आपल्याला जपतंय आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही. हे कळायला नको? आपल्याकडे प्रकाश म्हटला की एलईडी मासेमारी आठवते, तेवढाच प्रकाश आपल्या वाट्याला आलाय. २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली तरी रात्री क्षितिजावर दिवे मोजून घ्या. असो, तो विषय वेगळा, त्यावर स्वतंत्र लिहीन.

आता विजयदुर्ग. दरवर्षी १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिवस साजरा होतो. १८६८ च्या त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण झालं आणि सूर्यावर हेलियम सापडला, तोही आपल्या विजयदुर्गावरून, असं आपण सांगतो. किल्ल्यावरच्या "साहेबाच्या ओट्या"वर नॉर्मन लॉकयर साहेबाने दुर्बीण लावली, असंही सांगतो. अभिमानाची जागा आहेच. पण कागदोपत्री गोष्ट जरा वेगळी आहे, आणि माझ्या मते खरी गोष्ट जास्त चांगली आहे.

१८६८ च्या ग्रहणाला लॉकयर भारतात नव्हता. फ्रान्सचा जान्सेन होता, तो गुंटूरला. लॉकयरने इंग्लंडमध्येच, ग्रहण नसताना, २० ऑक्टोबर १८६८ ला सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. पिवळ्या रंगात सोडियमच्या दोन रेषांजवळ एक तिसरीच रेष होती, जी पृथ्वीवरच्या कुठल्याही माहीत असलेल्या मूलद्रव्याची नव्हती. पुढे त्या मूलद्रव्याला सूर्यावरून हेलियम नाव पडलं. पृथ्वीवर ते हाती लागायला १८९५ उजाडलं, विल्यम रॅमसेने खनिजातून काढलं. आणि त्यानंतर, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला हाच लॉकयर खरोखरच विजयदुर्गला आला. मेलपोमिनी नावाच्या नौदलाच्या जहाजावरचे खलाशी त्याने मदतीला घेतले, त्यांच्याकडून यंत्रं चालवण्याची तालीम करून घेतली आणि किल्ल्याच्या परिसरातून निरीक्षणं केली. त्याचा सविस्तर अहवालही आहे. ओटे त्या मोहिमेचे असावेत, असं मला वाटतं.

म्हणजे ज्याने हेलियमची रेष ओळखली, तो माणूस तीस वर्षांनी आपल्या किनाऱ्यावर येऊन राहिला आणि खलाशांना वर्णपट घ्यायला शिकवून गेला. ही गोष्ट काय कमी आहे? मग हेलियम आमच्याकडेच सापडला, असं रेटून कशाला सांगायचं? परगावचा एखादा हुशार मुलगा मोबाईलवर तारीख तपासेल आणि आपल्या पोरांना हसेल. इतिहासात एवढी मोठी खरी ठेव असताना उसनी कशाला आणा.

आणि या ओट्याचा हळदीशी संबंध आहे. लॉकयरने प्रकाश पसरवून त्यातल्या रेषांवरून सूर्यात काय आहे ते वाचलं. ट्रॉम्बेतल्या खोलीत दुसरा झोत हळदीच्या द्रावणातून गेल्यावर तोही असाच रंगारंगांत पसरवतात आणि कोणता रंग कमी झाला, कोणता वाढला हे वाचतात. हत्यार एकच, वर्णपट. फरक एवढाच की १८६८ मध्ये विचारलं "काय आहे?" आणि आता विचारतात "या क्षणी काय होतंय, आणि पुढच्या क्षणी?" चंद्रशेखर व्यंकट रामन १९२१ मध्ये बोटीने येताना समुद्र निळा का, या प्रश्नाने पछाडले आणि २८ फेब्रुवारी १९२८ ला त्यांच्या हाती रामन परिणाम लागला. आपण समुद्रकाठी राहतो. आपल्या पोराने हा प्रश्न विचारला तर त्याला काय उत्तर मिळतं?

बहुतेक ठिकाणी मिळतं ते भाषण. हेलियम दिवसाला भाषणं, विज्ञान दिनाला रांगोळी आणि हार. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पुढे असतो, त्याचे फ्लेक्स नाक्यानाक्यावर लागतात. पण मी अशा शाळा बघितल्यात जिथे प्रयोगशाळेचं कुलूप तपासणीच्या आदल्या दिवशी उघडतं आणि लोलक कपाटात कागदाच्या वेष्टनातच असतो. शाळांची नावं घेत नाही, कारण तिथले शिक्षक वाईट नाहीत. त्यांना जनगणना, निवडणूक आणि ऑनलाईन माहिती भरण्यातून वेळ मिळत नाही. दोष व्यवस्थेचा, आणि तिला प्रश्न न विचारणाऱ्या आपल्या पालकांचा.

मालवणात फेम्टोसेकंद लेझर आणा, असं मी म्हणत नाही. त्याला स्थिर तापमान लागतं, कोरडी हवा लागते, जराही न हलणारं टेबल लागतं. आपल्याकडे पहिल्या पावसाला लाईट जाते ती कधी येईल सांगता येत नाही, तिथे त्या यंत्राचे हालच होतील. मला हवंय ते स्वस्त आहे. जुन्या सीडीचा तुकडा आणि पुठ्ठ्याचा डबा घेतला की पोरं स्वतः वर्णपटमापक बनवतात. त्यातून ट्यूबलाईट बघा, एलईडी बघा, मेणबत्ती बघा, मिठाचा खडा धरलेली गॅसची ज्योत बघा, तिघाचौघांचे रंग वेगळे दिसतील. (सूर्याकडे सरळ बघायचं नाही, हे दहादा सांगा.) हळदीचा डाग लावलेल्या फडक्याचे दोन तुकडे करा, एक उन्हात आणि एक कपाटात. एका तुकड्यावर लाल काच ठेवा, एकावर निळी, आणि कोणत्या रंगाच्या उजेडात डाग लवकर उडतो ते रोज लिहून ठेवा. ही संशोधनाची वही झाली. येत्या १८ ऑगस्टला विजयदुर्गावर पन्नास पोरांनी असे डबे घेऊन उभं राहावं, एखाददुसऱ्या वक्त्याचं भाषण कमी झालं तरी चालेल.

आणखी एक. टीआयएफआरचे शास्त्रज्ञ मुंबईत "चाय अँड व्हाय" नावाचा कार्यक्रम २००९ पासून करतात, जुहूच्या पृथ्वी थिएटरला आणि माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजात. चहा पीत पीत सामान्य माणसांशी विज्ञानाच्या गप्पा. असा एक कार्यक्रम मालवणात, कणकवलीत किंवा सावंतवाडीत का होऊ नये? आमंत्रण तर कोणी द्यावं लागेल. मुंबईतली आपली चाकरमानी मंडळं गणपती-शिमग्याला एवढं नियोजन करतात, एक पत्र लिहायला त्यांना जड नाही.

आणि पालकांसाठी, पैशाचं बोलायलाच हवं म्हणून. मूलभूत विज्ञान घेतलं की पोरगं उपाशी मरतं, हा समज काढून टाका. बारावीनंतर पुण्याच्या आयसरला स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे. मुंबईत कालिन्याला सेब्स ही मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभागाची संस्था आहे, तिथे नेस्ट परीक्षेने पाच वर्षांच्या एमएस्सीला जाता येतं. पीएचडी करताना केंद्राची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. कित्येक खाजगी कॉलेजांतून इंजिनिअर होऊन बाहेर पडलेल्याला पहिल्या नोकरीत एवढे मिळत नाहीत. सगळ्यांना जमेल असं नाही, स्पर्धा कठीण आहे. पण ही वाट आहे एवढं तरी नववीतल्या पोराला कळलं पाहिजे, आणि ते कळण्याची जागा सध्या आपल्या तालुक्यात नाही.

विजयदुर्ग, देवगड, आचरा, मालवण, वेंगुर्ले, कुठल्याही शाळेतले शिक्षक तयार असतील तर सीडीच्या वर्णपटमापकाची कृती आणि हळदीच्या प्रयोगाचा तक्ता मराठीत लिहून ठेवलाय, मेसेज करा, पाठवतो. जुन्या सीड्या कोणाकडे पडून असतील तर त्याही लागतील. निदान दीडशे.